तुमच्या फोनवरचा ल

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या गणपतीचा बॅनर मी केला होता. गाव इंग्लंडमधलं, मराठी घरं जेमतेम तीस, हॉल चर्चचा आणि तोही दुपारी चारपर्यंतच मिळालेला. मजकूर मी लॅपटॉपवर टाइप केला, 'गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा'. तो इथल्या प्रिंटरकडे पाठवला आणि आदल्या रात्री गुंडाळी उचलून आणली. हॉलमध्ये उलगडली तेव्हा आरतीला वीस मिनिटं उरली होती. भगव्या कापडावर सोनेरी अक्षरं, लांबून एकदम झकास. आमच्याकडे रविवारी मराठी शिकायला येणारी एक आठ वर्षांची मुलगी बॅनरसमोर उभी राहिली आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागली. "हार्‌... दकि... शुभेच्‌... छा." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "दकि म्हणजे काय?"

काय झालं होतं ते तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षर म्हणजे काय हे माहीत नव्हतं. त्यानं र चा पाय मोडून तो तसाच ठेवला आणि वेलांटी उचलून पुढच्या क ला चिकटवली. च आणि छ यांची तर फारकतच झाली. प्रिंटरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यासाठी ती नक्षी होती. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणानं. प्रूफ मला आलं होतं. मी ते फोनवर उघडलं, भगवा-सोनेरी रंग पाहिला आणि 'मस्त' असं लिहून पाठवलं. म्हणजे ते मी पाहिलं होतं, वाचलं नव्हतं. हॉलमधल्या साठ-सत्तर माणसांपैकीही त्या मुलीआधी कोणी ते वाचलं नव्हतं.

पॉडकास्टच्या गेल्या भागात आपण देवनागरी अक्षरांच्या सध्याच्या फॅशनबद्दल बोललो. टोट बॅगवरचं 'चहा', टी-शर्टवरच्या म्हणी, जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखी जाड छाया दिलेली अक्षरं, मनगटावर गोंदवलेलं आईचं नाव. तेव्हा मी उत्साहानं म्हणालो की आपली लिपी पुन्हा दिसू लागली आहे. नंतर हा बॅनर आठवला. दिसणं आणि वाचलं जाणं या दोन गोष्टी आहेत आणि त्यांच्यातल्या अंतराचा मोठा इतिहास आहे. भागात तो राहून गेला, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात इथल्या करी रेस्टॉरंटच्या पाटीपासून करू. ती तुम्हाला ओळखीची असेल. इंग्रजी अक्षरं, पण डोक्यावर सलग रेघ, आणि बाकीचं अक्षर त्या रेघेला दोरीवरच्या कपड्यासारखं लटकलेलं. अशा फॉन्टांपैकी सगळ्यात पसरलेल्या एकाचं नाव 'समरकन' आहे. नाव ऐकून आठवतं ते शहर उझबेकिस्तानात आहे, पण ते असू दे. ही पाटी बघून पूर्वी मला राग यायचा, आता येत नाही. ती पाटी आपल्यासाठी नाहीच. देवनागरी ज्याला वाचता येत नाही त्याला 'इथे भारतीय जेवण मिळतं' एवढं कळवणं हे तिचं काम, आणि ते ती चोख करते. लिपी वाचता येत नसेल तर तिच्यात उरतो फक्त आकार, आणि आकार विकता येतो.

आता जरा स्वतःकडे बघू. मोडी लिपीतला टी-शर्ट तुम्ही पाहिलाय? पुण्यात मिळतात, ऑनलाइनही मिळतात. माझ्याकडे एक आहे. त्यावर काय लिहिलंय ते मला विक्रेत्यानं सांगितलं म्हणून माहीत. मोडी मला वाचता येत नाही आणि बहुधा तुम्हालाही येत नसेल. आपल्या पणजोबांना मात्र येत असणार. जमिनीचे कागद, सावकाराच्या वह्या, घरची पत्रं हे सगळं शतकानुशतकं मोडीत लिहिलं जायचं. विसाव्या शतकात बराच काळ शाळेतही ती शिकवत. आज महाराष्ट्रातल्या दफ्तरखान्यांत मोडीचे असंख्य कागद पडून आहेत आणि ते वाचणारी माणसं त्या मानानं मूठभर. रेस्टॉरंटवाला देवनागरीचं जे करतो तेच माझ्या टी-शर्टनं मोडीचं केलंय. फरक इतकाच की माझी ती पणजोबांची लिपी आहे.

हे झालं कसं? इंग्रजांनी मोडी मारली असं सोपं उत्तर नेहमी मिळतं. खरी गोष्ट जास्त रंजक आहे, आणि तिच्यात यंत्राचा भाग मोठा आहे.

मोडी ही हाताची लिपी आहे. आधी कागदभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या, मग त्या रेघांखाली हात न उचलता भरभर लिहीत जायचं. अक्षर शेजारच्या अक्षरात वळतं आणि त्याच्यासाठी आपलं रूप बदलतं. कारकुनासाठी हे उत्तमच. छापखान्यासाठी मात्र अवघड, कारण छापखान्याला सुटे खिळे लागतात. ज्याला इंग्रजीत टाइप म्हणतात त्याला आपल्याकडे खिळा म्हणत, आणि खिळे जुळवून मजकूर उभा करणाऱ्याला जुळारी. सेरामपूरच्या विल्यम केरीनं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये छापलं ते देवनागरीत. १८१० मध्ये त्यानं मराठी कोश छापला आणि त्यासाठी मोडीचे खिळे पाडून घेतले. म्हणजे प्रयत्न झाला होता, आणि तोही एका मिशनऱ्याकडून, बंगालमध्ये. पण मुंबईत छपाई रुजली ती बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश देवनागरीत निघाला, आणि शाळेची छापील पुस्तकंही मुख्यतः बाळबोधीतच येत गेली. पोथीची लिपी पुस्तकाची झाली आणि व्यवहाराची लिपी हस्ताक्षरात राहिली. पुढे टाइपरायटर आला आणि कचेरीतलं हस्ताक्षरही मागे पडलं, तेव्हा मोडीला जागाच उरली नाही. एखाद्या दुष्टानं हुकूम काढून हे केलं असतं तर गोष्ट सांगायला बरी झाली असती. प्रत्यक्षात त्या-त्या वेळी सोयीचे वाटलेले निर्णय एकावर एक साठत गेले.

त्या सोयीच्या निर्णयांमागची माणसं मात्र भन्नाट होती. गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले आणि मग खटपट करून त्यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना उभा केला. १८४१ मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापलं. छापलेला कागद सोवळ्यात चालेल का, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता, कारण शाईत चरबी असते अशी लोकांची शंका. गणपत कृष्णाजींनी यावर चरबीऐवजी तूप घालून शाई केली असं सांगतात. आजच्या मार्केटिंगवाल्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. त्यांनी गिऱ्हाइकाची भीती हसण्यावारी नेली नाही, मालच बदलला.

त्याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी तयार झाले. मिशनच्या छापखान्यातले टॉमस ग्रॅहॅम तेव्हा देवनागरीचे चांगले खिळे पाडत होते, ते काम जावजींनी जवळून पाहिलं. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतून निघालेले संस्कृत ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत गेले. इथल्या ग्रंथालयात मी एक हातात घेतला तेव्हा कागद कडेनं तुटत होता, पण अक्षर आजही काल छापल्यासारखं. त्या अक्षरांमागे राणू रावजी आरू यांचा हात आहे. पोलादाच्या टोकावर प्रत्येक अक्षर उलटं कोरायचे, आणि इंग्रजीत जिथे सव्वीस अक्षरांवर काम भागतं तिथे जोडाक्षरं, काने-मात्रा धरून शेकड्यांनी असे ठसे लागत. जावजी आपल्याला पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत, आरू तर अजिबातच नाहीत. तरी गेल्या दीडशे वर्षांत मराठी माणसानं रोज वापरलेली सगळ्यात मोठी डिझाइनची वस्तू या दोघांची, असं माझं ठाम मत आहे.

निर्णयसागरचे खिळे मुंबईबाहेर विकले गेले आणि त्यांच्याबरोबर मुंबईची वळणं देशभर पसरली. तेव्हा देवनागरीची दोन घराणी होती. मुंबईकडचे अ, झ, ण वेगळे आणि उत्तरेकडचे वेगळे. आज हिंदीच्या पुस्तकात जो अ, झ आणि ण तुम्हाला दिसतो तो मुंबईच्या घराण्याचा आहे. हिंदीनं तो आपलासा केला आणि स्वातंत्र्यानंतर प्रमाण म्हणून स्वीकारला. हे लक्षात ठेवा, कारण परतफेडीत आपल्याकडे काय आलं ते पुढे सांगायचंय.

मधल्या काळात यंत्रांनी लिपीला बरंच वाकवलं. लायनोटाइपच्या कळफलकाला नव्वद कळा. शेकडो खिळ्यांची देवनागरी त्यात बसवायची कशी? १९३० च्या दशकात हे कोडं ज्यांनी सोडवायला घेतलं त्यांच्यात हरी गोविल होते. न्यूयॉर्कमध्ये राहणारे, म्हणजे तुमच्याआमच्यासारखे परदेशस्थ. मर्गेन्थेलर लायनोटाइप कंपनीबरोबर त्यांनी देवनागरीचं यंत्र तयार केलं. इकडे सावरकरांनी अ च्या बाराखडीचा पुरस्कार केला, म्हणजे इ, ई, उ ही वेगळी अक्षरं काढून टाकायची आणि अ लाच वेलांटी, उकार लावायचा, की तेवढे खिळे वाचले. जुन्या मराठी मासिकांत अशी पानं सापडतात आणि पहिल्यांदा वाचताना छापणाऱ्याची चूक वाटते. ती चूक नव्हती. यंत्र बदलणं जमत नसेल तर लिपीच बदलू, असा विचार तेव्हा भलेभले लोक गंभीरपणे करत होते.

टोट बॅगवरची अक्षरं मात्र या घराण्यातली नाहीत. त्यांचा उगम दुसरीकडे आहे आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो, वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत. तुमच्या आईबाबांना विचारा. रविवारचा पेपर उघडला की अख्खं पान नाटकांच्या चौकटींचं. शिवाजी मंदिर, दुपारी चार. दीनानाथ, रात्री साडेआठ. चौकट लहान, छपाई काळी-पांढरी, जागेचे पैसे सेंटिमीटरवर. फोटो टाकला तर डाग दिसायचा. म्हणून नाटकाचं सगळं चरित्र त्याच्या नावाच्या अक्षरांतच सांगावं लागे. हे काम कमल शेडगे यांनी कलेच्या पातळीवर नेलं. टाइम्सच्या कलाविभागात त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली, महाराष्ट्र टाइम्सचं शीर्षाक्षर त्यांचं. 'रायगडाला जेव्हा जाग येते' पासून पुढे शेकडो नाटकांची नावं त्यांनी काढली. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर भाल्यासारखं, फार्सचं अक्षर तोल गेलेलं. ते २०२० मध्ये गेले, त्या वर्षीच्या गोंधळात बातमी अनेकांच्या नजरेतून सुटली.

शेडग्यांच्या अक्षरांबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. ती कितीही वेडीवाकडी झाली तरी वाचता येतात. यायलाच हवीत, कारण पेपर चाळणारा माणूस अर्धा सेकंद थांबणार आणि त्या अर्ध्या सेकंदात नाटकाचं नाव त्याच्या डोक्यात जायला पाहिजे, नाहीतर तिकीट खपणार नाही. त्यांचा प्रेक्षक मराठी वाचणारा होता. आजच्या 'रेट्रो' अक्षरांचं वळण त्या चौकटींतून आलंय, पण ती अट गळून पडली आहे. इन्स्टाग्रामवर एक प्रसिद्ध पोस्टर फिरत होतं, त्यात 'मुंबई' चा उकार ब ला लागला होता. हजारो लाइक. खाली प्रतिक्रियांत दोन माणसांनी चूक दाखवली, तर बाकीच्यांनी त्यांना 'काका' म्हणून गप्प केलं. मी त्या काकांच्या बाजूचा आहे, आत्ताच सांगून टाकतो.

शेडगे पेपरमध्ये होते त्याच काळात र. कृ. जोशी जाहिरातीत होते. जे. जे. मध्ये शिकलेले, उल्का या जाहिरात संस्थेत वीसेक वर्षं, मग आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात शिक्षक. कवीही होते. संगणकावर अक्षर कसं घडवायचं याचा विचार त्यांनी ऐंशीच्या दशकातच सुरू केला होता, तेव्हा तो विचार करणारे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जो 'मंगल' फॉन्ट येतो तो त्यांचा. विंडोज २००० पासून तो जगभरच्या संगणकांवर पोचला. सुंदर आहे असं मी म्हणणार नाही, त्या काळच्या खरखरीत पडद्यावर वाचता यावा म्हणून त्यानं बरंच सोसलंय. पण त्याच्याआधी काय होतं ते आठवा, किंवा घरच्यांना विचारा. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, त्याचे आतले आकडे वेगळे. पुण्याहून आलेली फाइल इथे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिला आणि 'क' जगात कुठेही 'क' झाला. आपण आज आजीला व्हॉट्सॲपवर मराठीत लिहू शकतो ते यामुळे.

पण युनिकोड फक्त क्रमांक देतं. र, पाय मोडल्याची खूण, द, वेलांटी असे चार क्रमांक एकामागे एक ठेवलेले असतात. त्यांचं 'र्दि' करणं, म्हणजे रफार डोक्यावर चढवणं आणि वेलांटी द च्या आधी आणणं, हे काम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर यांनी मिळून करायचं. जुळाऱ्याचं काम यंत्राकडे आलं, एवढंच. आणि डिझाइनवाल्यांच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठी हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. कोणी चालू केला नाही की मग 'दकि'.

आता ती परतफेड. हा मजकूर तुम्ही बहुधा फोनवर वाचताय. 'ल' कडे नीट बघा. त्याच्या उजवीकडे वरपासून खालपर्यंत उभा दांडा आहे का? की मधल्या आखूड देठाला दोन बाजूंनी दोन पाकळ्या आहेत? पहिला दंडयुक्त ल, हिंदीतला. दुसरा पाकळीयुक्त ल, मराठीचा. पाटीवर आजी गिरवायला लावायची तो दुसरा. श चंही असंच आहे, मराठीचा देठाचा आणि हिंदीचा गाठीचा. स्वातंत्र्यानंतर सगळ्या देशाची देवनागरी एकच असावी या हेतूनं अक्षरांची प्रमाण रूपं ठरली. अ, झ, ण मुंबईचे गेले, ल आणि श उत्तरेचे आले. व्यवहार म्हणून वाईट नाही. पण मराठी हातानं आपला ल सोडला नाही. छापील पानावर एक ल आणि वहीत दुसरा, असं अनेक पिढ्यांनी सवयीनं चालवून घेतलं. शेवटी ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून मान्य केली.

फोनवर मात्र बहुतेक वेळा दांड्याचाच ल दिसतो. युनिकोडमध्ये दोन्ही ल एकच, क्रमांक एकच. कोणतं रूप दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि मजकूर हिंदी की मराठी हे त्याला कोणी सांगितलं नाही तर तो हिंदीचं रूप धरून चालतो. काही फॉन्टांत मराठीची रूपं आत दडवलेली असतात. फोनची किंवा पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की ती बाहेर येतात. मी माझ्या फोनची भाषा मराठी केली ती याच कारणासाठी. सुरुवातीचे काही दिवस 'सेटिंग्ज' सापडायला त्रास झाला, हे कबूल. एका संध्याकाळी मित्राच्या निरोपात पाकळीचा ल दिसला आणि तो निरोप हातानं लिहिल्यासारखा वाटला. शास्त्रीय विधान नाही हे, पण खरं आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत या क्षेत्रात जे चाललंय ते बघून मात्र मला उमेद येते, आणि तेही सांगायला हवं, नाहीतर मी निव्वळ काकाच ठरेन. मुंबईच्या एक टाइप या गटानं 'मुक्त', 'बलू', 'मोदक' असे फॉन्ट काढले, सगळे फुकट आणि खुले. मोदक तर इतका गुबगुबीत की अक्षरांच्या आतली पोकळी केसाएवढी उरली आहे, आणि तरी वाचता येतो. गणपतीच्या निमंत्रणाला याहून चांगलं काय? 'यात्रा वन' हा कॅथरीन ली श्मिट यांचा फॉन्ट मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय. त्यातली गंमत त्याच्या इंग्रजी अक्षरांत आहे. बोरूचा काप आणि रोमन लिपीच्या टाकाचा काप एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे जाड रेघ कुठे पडते तेही उलट. यात्रा वनमध्ये इंग्रजी अक्षरं देवनागरीच्या कोनानं काढली आहेत. समरकननं इंग्रजीला देवनागरीचा मुखवटा चढवला होता. इथे इंग्रजीला देवनागरीचा हात दिलाय. दोन्हीत इंग्रजी 'भारतीय' दिसते, पण एकात करणाऱ्यानं लिपी लिहून पाहिली आहे आणि दुसऱ्यात नाही, हे कळतं. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी २०१० च्या आसपास पाट्या रंगवणाऱ्यांची अक्षरं फॉन्टमध्ये जपायला घेतली आणि फॉन्टला पेंटरचंच नाव दिलं. डिजिटल फ्लेक्सनं तोवर त्या पेंटरांची रोजी घालवली होती. २०२४ मध्ये कुरेशी अकालीच गेले. तुम्ही जी 'ट्रक आर्ट' अक्षरं मगवर बघता त्यांच्यामागे अशी माणसं आहेत. मग विकणारा त्यांची नावं सांगत नाही, म्हणून मी सांगतोय.

आणि बाजाराबरोबर कायदाही आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम २०२२ मध्ये छोट्या दुकानांनाही लागू झाला. व्यापारी न्यायालयात गेले, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाट्या बदलायला दोन महिने दिले. त्यानंतर मुंबईत फिरताना मी पाट्यांचे फोटो काढत होतो. काही ब्रँडांनी आपल्या चिन्हाच्या वळणाची देवनागरी नव्यानं घडवून घेतली होती. बऱ्याच ठिकाणी संगणकात जो फॉन्ट पहिला दिसला तो लावून मोकळे झालेले. एका कॅफेच्या पाटीवर इंग्रजी नाव इतकं नाजूक आणि खाली मराठी इतकी जाडजूड की शिक्षा म्हणून लावल्यासारखी. नियमानं अक्षराचा आकार ठरवता येतो. त्याच्यावर जीव टाकायला लावता येत नाही. तरी पाटी आहे तर कोणीतरी ती वाचेल, चूक दिसली तर कोणीतरी दुकानात शिरून सांगेल, यावर मी समाधान मानतो.

बॅनरचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी आम्ही तो तसाच लावला, दुसरा इलाज नव्हता. त्या मुलीला मी 'दकि' म्हणजे काय ते सांगितलं, म्हणजे रफार आणि वेलांटीची सगळी भानगड कागदावर काढून दाखवली. तिला ती पूर्ण कळली असं नाही, पण वेलांटी आधी दिसते आणि नंतर बोलली जाते हे ऐकून ती खूप हसली. पुढच्या वर्षी छापायला दिलंच नाही. एका मावशींनी जुनी चादर दिली, आम्ही चौघांनी पेन्सिलीनं अक्षरं आखली आणि पोरांनी रंग भरला. शिरोरेखा डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेली आहे आणि 'च्छा' ला जागा कमी पडल्यामुळे तो दाटीवाटीनं बसलाय. 'मंगलमूर्ती' मधला ल त्या मुलीनं काढला. एक पाकळी मोठी झाली, म्हणून तिनं दुसरीही पुन्हा रंगवून तेवढीच केली. आता तो ल बाकीच्या अक्षरांच्या दीडपट आहे.